'रीबूट'ला मराठीत काय म्हणायचं? पुनरवतार, पुनरुज्जीवन की मागील पानावरून पुढे?

प्रश्न

नमस्कार मंडळी. मुलांच्या एका नियतकालिकासाठी जुन्या कार्टूनच्या नव्या मालिकांवर लेख लिहिते आहे आणि 'रीबूट' या एका शब्दापाशी अडले आहे. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'पुनरुज्जीवन' लिहिलं. मग ते खोडून 'पुनरावतार' केलं, मग 'नवा अवतार'. मोठ्याने वाचून पाहिलं, तर दर दोन वाक्यांनी काहीतरी खटकतं.

नेमकं काय खटकतं ते भाचीमुळे लक्षात आलं. ती आठ वर्षांची आहे. 'डकटेल्स'ची १९८७ची मालिका तिने आधी पाहिली आणि २०१७ची नंतर. नव्या मालिकेच्या पहिल्या भागात ह्यूई, ड्यूई आणि लुई ही तीन बदक भावंडं श्रीमंत स्क्रूजच्या वाड्यात पहिल्यांदा पाऊल टाकतात, तेव्हा ती मला म्हणाली, "मावशी, हे इथे राहून गेलेत ना? यांना आठवत कसं नाही?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. हे 'तेच' आहेत की 'तसेच दुसरे' आहेत, हे सांगणारा शब्द मराठीत आहे का?

प्रतिसाद

तुमच्या भाचीने या सगळ्या चर्चेची किल्लीच हातात दिली आहे. "यांना आठवतं का?" हाच प्रश्न प्रत्येक नव्या मालिकेला विचारायचा. शब्द आपोआप सुचत जातो.

आधी मूळ शब्द पाहू. 'बूट' हा संगणकातला शब्द 'बूटस्ट्रॅप'वरून आला. उंच बूट पायात ओढून चढवता यावेत म्हणून त्यांना पट्टी असते. त्या पट्ट्यांना धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, ही इंग्रजीतली अशक्य गोष्टीची कल्पना. बंद यंत्र एका छोट्या आज्ञावलीच्या आधाराने स्वतःला जागं करतं, म्हणून त्याला हे नाव पडलं. ते पुन्हा करणं म्हणजे रीबूट. मनोरंजनाच्या जगाने शब्द उचलला तो इथून.

संगणक रीबूट केला की काय होतं, ते आपण रोज पाहतो. उघडी असलेली कामं बंद होतात, चालू स्मृती पुसली जाते. पण डिस्कवर साठवलेलं जिथल्या तिथे असतं. गोष्टीचंही असंच. पात्राच्या आयुष्यात आजवर घडलेलं पुसायचं, पण त्याचा स्वभाव, नाव, नातीगोती, म्हणजे डिस्कवरचा ऐवज, जपायचा. घडलेलं पुसलं गेलं नसेल, तर ते रीबूट नव्हे. आणि स्वभावही पुसला गेला, तर ते फॉरमॅट झालं. बातम्यांमध्ये या तिन्ही गोष्टींना सरसकट 'रीबूट' म्हणतात. तुम्हाला खटकत होतं ते हेच.

'डकटेल्स' २०१७ हे मला रीबूटचं सर्वांत स्वच्छ उदाहरण वाटतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. १९८७च्या मालिकेत डोनाल्ड नौदलात जातो आणि पोरांना स्क्रूजकडे सोडतो. २०१७मध्ये डोनाल्ड पोरांना घेऊन होडीतल्या घरात राहतो, आणि त्याचा न् स्क्रूजचा दहा वर्षांचा अबोला आहे. जुना सगळा हिशेब पुसला. पण स्क्रूज तसाच राहिला: चिक्कू, मानी आणि साहसाचं नाव काढलं की डोळे लकाकणारा. जुन्या मालिकेत तिन्ही पोरांना रसी टेलर या एकाच अभिनेत्रीचा आवाज होता. कोण कुठला हे आपण कपड्यांवरून ओळखायचो: लाल तो ह्यूई, निळा ड्यूई, हिरवा लुई. नव्या मालिकेत तिघांना तीन वेगळे आवाज आणि तीन वेगळे स्वभाव आहेत. ह्यूई पुस्तकात बघून पाऊल टाकणारा, ड्यूई आधी उडी मारून मग विचार करणारा, लुई आळशी पण पैशाचा वास अचूक घेणारा. रंग मात्र तेच राहिले. आणि इतकी वर्षं जिच्याबद्दल कुणी फारसं विचारलंच नव्हतं, ती पोरांची आई, डेला, या वेळी गोष्टीच्या मध्यभागी आली. पाटी पुसली म्हणून हे नव्याने लिहिता आलं. नुसती पुढची गोष्ट सांगायची असती, तर आधीच्या शंभर भागांत आईची चौकशी का झाली नाही, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

जाता जाता एक. इंग्रजीत डोनाल्डही अंकल आणि स्क्रूजही अंकल. मराठीत हे चालत नाही. डेला ही डोनाल्डची बहीण, म्हणजे डोनाल्ड पोरांचा मामा. स्क्रूज हा डोनाल्डच्या आईचा भाऊ, म्हणजे डोनाल्डचा मामा आणि पोरांचा आजोबा लागतो. 'स्क्रूज काका' लिहिलं की सगळं नातं बापाच्या बाजूला जातं, आणि डेलाच्या गोष्टीतली मेख तिथेच निसटते. लेखात एवढं मात्र जपा.

तर, रीबूटला माझा मराठी पर्याय 'पाटी पुसून पुन्हा'. शीर्षकात 'नवी पाटी' किंवा 'कोरी पाटी' शोभेल. पुसलेल्या पाटीवर आधीची अक्षरं पुसट दिसत राहतात, तेही इथे लागू पडतं.

याच्या उलट प्रकाराला आपल्याकडे तयार शब्दप्रयोग आहे, 'मागील पानावरून पुढे'. खतावणीच्या नव्या पानावर आधीची बेरीज आणून मांडतात, तशी ही गोष्ट आधीची सगळी जमा घेऊन सुरू होते. 'सामुराय जॅक' ही मालिका २००१ ते २००४ चालली आणि थेट २०१७मध्ये परतली. गोष्टीतही पन्नास वर्षं उलटून गेलेली. जॅकचं वय वाढलेलं नाही, पण दाढी वाढलेली, तलवार हरवलेली, मनाने पार खचलेला. त्याला सगळं आठवतं, आणि तेच त्याचं दुखणं आहे. याला रीबूट म्हटलं तर त्या दाढीला काही अर्थच उरत नाही. इथे 'पुनरागमन' म्हणा किंवा तुमचं 'पुनरुज्जीवन' म्हणा. बंद पडलेल्यात प्राण फुंकले, हा त्याचा अर्थ इथे नीट बसतो. मला स्वतःला 'पुनश्च हरिओम' आवडतं. टिळकांनी तुरुंगातून सुटून आल्यावर १८९९मध्ये केसरीत याच शब्दांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. माणूस तोच, काम तेच, मधला खंड संपला. त्यामुळे रीबूटला मात्र 'पुनश्च हरिओम' म्हणू नये.

हा फरक एकाच वर्षात शेजारी शेजारी पाहायचा असेल तर २०२१ आठवा. त्या वर्षी 'ही-मॅन'च्या दोन मालिका एकाच मंचावर आल्या. एक १९८३च्या मालिकेची गोष्ट पुढे नेणारी, मोठ्या झालेल्या प्रेक्षकांसाठी. दुसरी संगणकावर घडवलेली, लहानांसाठी. तिच्यात ॲडमला, म्हणजे पुढे ही-मॅन होणाऱ्या मुलाला, आपण राजपुत्र आहोत हेच मुळात ठाऊक नाही. नाव एक, तलवार एक. पण पहिली मागील पानावरून पुढे आणि दुसरी कोरी पाटी. दोन्हींना एकच शब्द वापरणाऱ्या लेखाने वाचकाला काहीच सांगितलेलं नसतं.

प्रतिसाद

विवेचन आवडलं, पण मिकी माउस, बग्ज बनी, टॉम आणि जेरी यांचं काय करायचं? त्यांना कधीच काही आठवत नव्हतं. टॉमवर ऐरण पडते, तो पत्र्यासारखा सपाट होतो, आणि पुढच्या लघुपटात पुन्हा ठणठणीत. पाटी रोजच कोरी. मग पुसायची काय?

दुसरं म्हणजे 'रीबूट' आता मराठीतही रुळला आहे. पोरं सरळ 'रीबूट आलं' म्हणतात. 'पाटी पुसून पुन्हा' असं लांबलचक कोण म्हणणार?

प्रतिसाद

पहिला मुद्दा अगदी बरोबर, आणि माझ्याकडून सुटला होता. सुट्या लघुपटांतल्या पात्रांना रीबूट हा शब्द लागूच होत नाही. टॉम १९४०मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा त्याचं नाव टॉम नव्हतं, जास्पर होतं. पुढे नाव बदललं आणि कुणाला खुलासा करावा लागला नाही, कारण गोष्टीला मागचं पानच नव्हतं. अशा पात्रांच्या बाबतीत फक्त दोनच गोष्टी बदलू शकतात, रूप किंवा स्वभाव.

रूप बदललं तर 'नवा अवतार' हाच शब्द योग्य. अवतार म्हणजे खाली उतरणं. देह वेगळा, आतलं तत्त्व तेच. मिकी १९२८मध्ये 'स्टीमबोट विली'त शिटी वाजवत सुकाणू फिरवत आला, तेव्हा त्याचे डोळे म्हणजे नुसते काळे ठिपके होते. १९४०च्या 'फँटेसिया'पर्यंत त्याला पांढऱ्या डोळ्यांत बुबुळं आली. २०१३पासूनच्या लघुपटांत चित्रकारांनी त्याला पुन्हा त्या पहिल्या रूपाजवळ नेलं आणि आजच्या शहरांत सोडलं. धांदरट, उत्साही, मिनीसाठी जीव टाकणारा मिकी तिन्ही ठिकाणी एकच. हा अवतारच.

या शब्दात एक अडचण आहे खरी. आई पोराला "काय हा अवतार!" म्हणते तेव्हा ती कौतुक करत नसते. शिवाय जाहिरातींनी फोनपासून गाडीपर्यंत सगळंच 'नव्या अवतारात' आणून शब्द बोथट केला आहे. तरी मी तो सोडणार नाही. आणि तुम्ही 'पुनरावतार' लिहिलं आहे, तिथे संधी चुकली आहे. पुनर् अधिक अवतार म्हणजे 'पुनरवतार'. पुनरावृत्तीत 'रा' येतो तो 'आवृत्ती'तल्या 'आ'मुळे, पुनरारंभात 'आरंभ'मुळे. अवतारात तो 'आ' नाही.

स्वभाव बदलला तर प्रकरण गंभीर. १९७५च्या टॉम आणि जेरीच्या दूरचित्रवाणी मालिकेत दोघांना मित्र केलं होतं. मुलांच्या कार्यक्रमांत मारामारी नको, असं तेव्हाचं धोरण होतं. जेरीच्या गळ्यात लाल बो आला आणि दोघं हातात हात घालून फिरू लागली. चित्र ओळखीचं, पण पाठलागच गेला. पाठलाग हीच त्या जोडीची डिस्क होती. २००५मध्ये बग्ज आणि मंडळींचे वंशज दाखवून दूरच्या भविष्यातले महानायक उभे केले, तेव्हाही तेच झालं. याला आपल्या कथांमधला शब्द आहे, 'परकायाप्रवेश'. शरीर जुन्याचं, आत जीव दुसऱ्याचा. टीका करताना 'रीबूट फसलं' म्हणण्यापेक्षा 'हा परकायाप्रवेश आहे' म्हटलं, तर काय बिघडलं ते एका शब्दात कळतं.

पण याचा अर्थ कुठलाही बदल म्हणजे परकायाप्रवेश, असं नाही. २०२०च्या लूनी ट्यून्समध्ये बग्जच्या मागे लागणाऱ्या शिकारी एल्मरच्या हातातली बंदूक काढली, यावर बरंच काहूर उठलं. त्या मालिकेचा आधी आलेला एक लघुपट पाहा. एल्मर लांब दांड्याचा विळा परजत बग्जच्या मागे धावतो आहे, आणि बग्ज त्याच्या हाती, तोंडात, डोक्यावर पेटत्या सुरुंगाच्या कांड्या ठेवत चालला आहे. बंदूक गेली, पण पाठलाग राहिला, स्फोट राहिले, बग्जचा थंडपणा राहिला. डिस्क शाबूत आहे. मी याला 'सुधारित आवृत्ती' म्हणेन आणि पुढे जाईन.

आता दुसरा मुद्दा. 'रीबूट' हद्दपार करा असं मी म्हणतच नाही. खुशाल वापरा. माझा आग्रह अर्थाचा आहे. उसना शब्द सैल वापरला की आपल्या भाषेतले आधीचे चार नेमके शब्द त्याच्याखाली गाडले जातात, आणि मग 'मराठीत शब्दच नाहीत' अशी तक्रार सुरू होते. इथे तर शब्द भरपूर आहेत. जुन्या फिती स्वच्छ करून, रंग-आवाज सुधारून पुन्हा दाखवतात त्यालाही हल्ली कुणी रीबूट म्हणतं. तो सरळ 'जीर्णोद्धार' आहे. मूर्ती तीच, फक्त देऊळ नीट केलं.

लिंगाचं म्हणाल तर 'रीबूट आलं' हे नपुंसकलिंग मलाही कानाला बरं वाटतं. 'रिमेक आला'च्या चालीवर काहीजण 'रीबूट आला' म्हणतात, तेही चुकीचं नाही. लिहिताना 'री' दीर्घ ठेवावा, उच्चार तसाच आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. रात्री बसून सगळा लेख पुन्हा लिहिला. 'रीबूट' एकूण सतरा ठिकाणी होतं, आता पाच ठिकाणी उरलं आहे. 'पुनरावतार' दुरुस्त केला. स्क्रूजला 'आजोबा' केल्यावर भाचीने लगेच विचारलं, "म्हणजे डोनाल्ड मामा का?" मालिका दोनदा पाहूनही हे नातं तिला उमगलं नव्हतं, आणि मलाही नाही.

तिच्या मूळ प्रश्नाला मी असं उत्तर दिलं: "पाटी पुसली गं. मुलं तीच, गोष्ट पहिल्यापासून." तिला ते चटकन पटलं. पण तिने लगेच पुढचं काढलं. स्कूबी-डूच्या जुन्या, १९६९च्या मालिकेत भुताचा मुखवटा ओढला की आतून माणूस निघायचा. २०१०च्या मालिकेत शेवटी खरोखरची दुष्ट शक्ती निघते. मुलं तीच, कुत्रा तोच, भित्रेपणाही तोच, पण 'भूत नसतं' हा नियमच बदलला. हा नियम डिस्कवरचा धरायचा की पाटीवरचा? लेख परवा द्यायचा आहे, तेवढं कुणी सांगाल का?

प्रतिसाद

माझ्या मते डिस्कवरचा. पण त्या मालिकेने तो नकळत पुसलेला नाही, शेवटापर्यंत ताणून जाणूनबुजून मोडला आहे. म्हणून परकायाप्रवेश म्हणवत नाही. 'रीबूट'च लिहा, आणि नियम बदलल्याचं पुढच्या वाक्यात स्वतंत्र सांगा. पाचाचे सहा झाले तरी चालतील.