विषय: घरमालकिणीला कसं सांगू? (तोरिनो, बॉयलर बंद)

नमस्कार मंडळी,

तोरिनोत येऊन वर्ष झालं, माझं इटालियन अजून भाजीबाजारापुरतंच. सोमवारपासून घरातला बॉयलर, म्हणजे इथली काल्दाया, बंद आहे. धाकटी अडीच वर्षांची, तिला दोन-दोन स्वेटर घालून झोपवतेय. घरमालकिणीला व्हॉट्सॲप केलं, फोनमधल्या भाषांतराच्या भरवशावर: "प्रेतेंदो ला रिपारात्सियोने ओज्जी. रिस्पोंदी सुबितो." (म्हणजे, दुरुस्ती आजच हवी, ताबडतोब उत्तर द्या, असं मला वाटलं.) निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. बाई एरवी फार गोड आहेत, नाताळात पानेत्तोने, म्हणजे इथला नाताळचा केक, देऊन गेल्या होत्या. माझं काय चुकलं?

— तोरिनोची नवी सभासद

*

अगं बाई,

"प्रेतेंदो" म्हणजे वसुलीला दारात उभं राहणं. वकिलाच्या नोटिशीत शोभतं ते. आणि "रिस्पोंदी" म्हणजे "उत्तर दे". सिन्योराला तू अरे-तुरे केलंस! तिथे "लेई"च हवं, आपल्या "तुम्ही"सारखं. (लेईचा मूळ अर्थ "ती". माझ्या नवऱ्याला बँकेत सगळे "ती" म्हणतात, आता सवय झालीय त्याला.)

मराठीत आपण काउंटरवर काय म्हणतो? "मला जरा विचारायचं होतं." विचारायचं तर आत्ताच असतं, पण "होतं" म्हटलं की समोरचा माणूस सैलावतो. इटालियनमध्येही अगदी हेच आहे: "वोलेवो किएदेरे", विचारायचं होतं. फोनला न विचारता आधी मराठीत नम्र वाक्य कर, मग ते इटालियनमध्ये ने. निम्मं काम तिथेच होतं.

आणि तक्रार हा शब्दच नको. "सेन्यालारे" म्हण, म्हणजे नजरेस आणून देणे. दोष यंत्राला दे, बाईंना नको. आपण कप "फुटला" म्हणतो ना, तसं.

हे पाठव:

"बोनजोर्नो सिन्योरा, मी स्कूझी पेर इल तोनो देल मेस्साज्जो दी येरी. वोलेवो सेन्यालार्ले के दा लुनेदी ला काल्दाया नॉन पार्ते, ए अब्बियामो ऊना बिंबा पिक्कोला. कोमे पोस्सियामो रिसोल्वेरे?"

(म्हणजे: नमस्कार बाई, कालच्या मेसेजच्या सुराबद्दल माफ करा. सोमवारपासून बॉयलर सुरू होत नाही हे नजरेस आणून द्यायचं होतं, आणि आमच्याकडे लहान मुलगी आहे. आपण यावर कसा मार्ग काढू या?)

शेवटच्या "पोस्सियामो"त आपलं "आपण" आहे. "आपण कसं करू या?" असं विचारलं की बाई तुझ्या बाजूला येऊन बसतात. बोनजोर्नो मात्र विसरू नकोस. त्याच्याशिवाय इथे पावसुद्धा मागत नाहीत.

— बोलोन्याची काकू

*

काकूंशी सहमत, पण गोड बोलून बॉयलर तापत नाही. लेखी काहीतरी हवंच.

इटलीच्या दिवाणी संहितेचं कलम १५७६ सांगतं की किरकोळ देखभाल भाडेकरूची, बाकी आवश्यक दुरुस्त्या मालकाच्या. त्यामुळे बाई पहिला प्रश्न विचारतील तो सर्व्हिसिंगचा. घरात लिब्रेत्तो दी इम्पियांतो नावाची बॉयलरची वही असेल, त्यात शेवटच्या तपासणीची नोंद बघ आणि फोटो काढून ठेव. ती नोंद नसेल तर तुझीच बाजू लंगडी पडेल.

कलम १५७७ तर खास तुझ्यासाठी: दुरुस्ती तातडीची असेल तर भाडेकरू स्वतः करून घेऊन पैसे मागू शकतो, मात्र मालकाला त्याच वेळी कळवलं पाहिजे. कळवल्याचा पुरावा नसला की वाद सुरू.

म्हणून दोन दिवस वाट बघ. नाही हाललं तर राक्कोमांदाता, म्हणजे रजिस्टर पत्र, पोचपावतीसकट. पेक, म्हणजे इथला कायदेशीर नोंदणीचा ईमेल, तीही चालते, पण पाठवणारा आणि घेणारा दोघांचीही पेक हवी. साध्या जीमेलवरून कोणाच्या पेकला पाठवून "रजिस्टर केलं" असं समजू नकोस, मी समजलो होतो. पत्रात चिडचिड नको, फक्त तारखा. खाली "रेस्तो इन आत्तेसा दी उन सुओ जेंतीले रिस्कोंत्रो", म्हणजे आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत. "आव्वोकातो", म्हणजे वकील, हा शब्द पहिल्या पत्रात अजिबात काढायचा नाही. एकदा काढलास की पुढच्या पत्राला धार उरत नाही.

— मिलानचा दादा

*

काकू, दादा,

सकाळी साडेआठला काकूंचा मेसेज जसाच्या तसा पाठवला. वीस मिनिटांत उत्तर! आणि पहिलाच प्रश्न: "इल लिब्रेत्तो?" दादा, दंडवत. मार्चमधल्या तपासणीचं पान सापडलं, फोटो पाठवला. शुक्रवारी इद्राउलिको, म्हणजे प्लंबर, आला, कसलासा वॉल्व्ह बदलून गेला, बिल बाईंच्या नावाने निघालं. आमच्याकडून फक्त कॉफी.

जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तुमचं इटालियन फार सुधारलं हो. मी गप्प.

धाकटी आज एकाच स्वेटरवर झोपलीय.