ब्रूस स्प्रिंगस्टीन तुमच्याकडे कुठून आला? अनुभव लिहा

परवा माळा आवरताना कॅसेटचा खोका निघाला. वरच अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हा अल्बम, १९८४. कव्हरवर चेहरा नाहीच. जीन्स घातलेला पाठमोरा माणूस, मागच्या खिशात लाल टोपी, समोर झेंड्याचे पट्टे. आतल्या फितीला बुरशी लागलेली. लावली तर दोन मिनिटं घरघरली आणि गुंडाळली गेली. शेवटी मुलीने फोनवर लावून दिलं.

आपल्याकडे डिलन आणि बीटल्सवर रात्र-रात्र गप्पा होतात, पण न्यू जर्सीचा हा गडी कायम मागच्या बाकावर. त्याचा जन्म, अल्बम, पुरस्कार वगैरे कुठेही मिळतं, ते नको. तो तुमच्याकडे कसा आला ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गाणं मी कित्येक वर्षं अमेरिकेचा जयजयकार समजत होतो. त्याच्या तोंडात बटाटा असल्यासारखे उच्चार, मधलं काही कळायचं नाही, धृपद आलं की मुठी वर! मग एका मित्राने ऑफिसच्या प्रिंटरवर शब्द छापून आणले. व्हिएतनामहून परतलेला, रिफायनरीत कामाला न घेतलेला माणूस. आपण इतकी वर्षं कशावर नाचत होतो, असं झालं. चूक एकट्या माझी नव्हती म्हणा. १९८४ च्या प्रचारात खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगनसाहेब न्यू जर्सीतल्या हॅमंटनला जाऊन याच्या गाण्यांतल्या आशेचे गोडवे गाऊन आले होते. त्यावर पठ्ठ्याने पिट्सबर्गच्या मैफलीत विचारलं की साहेबांचा आवडता अल्बम कोणता असेल बरं? हरलेल्या माणसांच्या उदास गाण्यांचा 'नेब्रास्का' तर नसावा.

दिल्लीत शिकलेला, आता नाशिककर

मी त्याला समोर पाहिलंय. भाव खातोय, खाऊ द्या.

३० सप्टेंबर १९८८, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. ॲम्नेस्टी या संघटनेचा मानवी हक्कांसाठीचा जगभरचा दौरा, वीस मैफली, त्यातली एक दिल्लीला. स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू न्दूर आणि हा. होस्टेलवरून आम्ही तिघे मराठी गेलो ते स्टिंगसाठी. स्प्रिंगस्टीन आला तेव्हा समोसे आणायला जावं की काय, यावर आमची चर्चा चालू होती.

गेलो नाही. त्याच्या शेजारी त्याच्या बँडचा सॅक्सोफोनवाला क्लेरन्स क्लेमन्स उभा होता, दरवाजाएवढा माणूस, आणि हातातला सॅक्सोफोन त्याच्यापुढे पिपाणीसारखा दिसत होता. त्याने फुंकर मारली आणि आमची समोशांची चर्चा तिथेच संपली. शेवटी सगळे कलाकार एकत्र येऊन गायले. परतताना बस नव्हती. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, ती हातात घेऊन निम्मी दिल्ली तुडवली. त्याच वर्षी जुलैत स्प्रिंगस्टीन पूर्व बर्लिनमध्ये भिंतीपलीकडच्या लाखभराहून जास्त लोकांपुढे गायला होता, हे फार नंतर वाचलं. क्लेमन्स २०११ साली गेला तेव्हा घरात कुणाला सांगावं तेच कळेना.

पुण्याहून, नवऱ्याच्या वतीने

तो माझ्या नवऱ्याचा आहे, माझा नाही. परदेशात एकदा तिकीट काढून नेलं होतं. तीन तास झाले तरी बाबा थांबेना! हेलसिंकीला २०१२ मध्ये म्हणे चार तास सहा मिनिटं वाजवलं. त्यापेक्षा रात्रभराचं कीर्तन बरं, तिथे निदान बसायला सतरंजी तरी असते. बाकी माणूस चांगला वाटला.

एडिसन, न्यू जर्सी

इथे राहून त्याला टाळता येत नाही. तो वाढला ते फ्रीहोल्ड आमच्याकडून गाडीने जवळच. बेलमार गावात खरोखरचा ई स्ट्रीट आहे. त्याच्या बँडमधल्या डेव्हिड सॅन्शसची आई तिथे राहायची, म्हणून बँडचं नाव ई स्ट्रीट. पाहुणे आले की मी त्यांना ॲस्बरी पार्कला, तो जिथे वाजवायचा तो 'स्टोन पोनी' दाखवायला नेतो. त्यांना तो एक साधा बार दिसतो आणि ते विचारतात, समुद्र कुठाय?

पण मला सांगायचंय ते वेगळं. २००१ च्या सप्टेंबरमध्ये मी रोज लोकलने मॅनहॅटनला जायचो. जुळे मनोरे पडले त्या मंगळवारी मुलाला ताप होता म्हणून घरी राहिलो. पुढचे कित्येक दिवस स्टेशनच्या पार्किंगमध्ये काही गाड्या तशाच उभ्या होत्या, काचांवर धूळ. त्याच सुमारास सी ब्राइटला समुद्राकाठी एका गाडीवाल्याने काच खाली करून स्प्रिंगस्टीनला ओरडून सांगितलं होतं की आम्हाला तुझी गरज आहे. ही आठवण त्याची स्वतःची. पुढच्या वर्षी त्यावरचा त्याचा अल्बम 'द रायझिंग' आला. मी तो गाडीत लावला आणि पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला मला बराच वेळ लागला. याहून जास्त लिहवत नाही.

लालबागचा, सध्या बदलापूर

वर 'नेब्रास्का'चा उल्लेख आला म्हणून लिहितो.

त्यातली बहुतेक गाणी त्याने ३ जानेवारी १९८२ ला कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर टिपली. नंतर बँडला घेऊन स्टुडिओत करून पाहिली, पण ती जमेनात. शेवटी खिशात घेऊन फिरलेली ती कॅसेटच बाजारात आली. तारखेवर मी अडकलो, कारण पंधरा दिवसांनी, १८ जानेवारीला, आमच्याकडे गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा साच्यावर होते. परत कधी आत गेले नाहीत.

स्प्रिंगस्टीनचे वडीलही गालिच्याच्या गिरणीत होते, बस चालवायचे, काम लागायचं, सुटायचं. रात्री दिवा मालवून स्वयंपाकघरात सिगरेट ओढत बसायचे. घर आईच्या पगारावर चालायचं. वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी होती ती, आणि साठ डॉलर कर्ज काढून पोराला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली होती. वडिलांचा आजार मनाचा होता हे उशिरा निदान झालं. आपल्यालाही नैराश्य आहे हे त्याने २०१६ च्या आत्मचरित्रात सरळ लिहिलंय. ती पानं मी लोकलमध्ये उभ्याने वाचली, कल्याणला उतरायचं तर विठ्ठलवाडीला उतरलो.

आमचे बाबा काळोखात ओट्याला टेकून बसायचे. आई म्हणायची, दिवा लावू नको, त्यांचे डोळे दुखतात. मला ते खरं वाटायचं.

शेवटच्या वर्षी एकदा त्यांच्या कानाला हेडफोन लावून 'नेब्रास्का'तलं एक गाणं लावून दिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं, हेडफोन काढून हातात दिला आणि म्हणाले, "रात्रपाळीचा दिसतो हा."

धागाकर्ता

कुठलं लावलं होतं?

लालबागचा, सध्या बदलापूर

'स्टेट ट्रूपर'.