'इस्टेट टाउन'ला मराठीत काय म्हणावं?

मेघा_कु : आयर्लंडमधल्या वेस्टपोर्टवरचा लेख मराठीत करतेय, आणि 'इस्टेट टाउन'पाशी (म्हणजे जमीनदारानं आपल्या जमिनीवर आखून वसवलेलं शहर) गाडी अडलीये. तिथल्या जमीनदार ब्राउन घराण्याच्या वाड्याला लागूनच काहेरनामार्ट नावाचं जुनं गाव होतं, १७८०च्या दशकात ते तिथून उठवलं आणि थोडं लांब नवं शहर आखलं. अष्टकोनी चौक, कॅरोबेग नदी सरळ करून दगडी काठांत बसवली, दोन्ही बाजूंना झाडं. 'जमीनदारी गाव' लिहिलं तर खेडं वाटतं. काय करू?

कसबेकर : सरळ 'पेठ' लिहा की. पुण्यात पेठा अशाच वसल्या, सदाशिव पेठ सदाशिवराव भाऊंच्या नावानं वसली. कौल (वस्तीसाठी लेखी हमी) द्यायचा, व्यापारी बोलवायचे, सुरुवातीची काही वर्षं कर माफ.

रानवारा : पेठ हा शहराचा भाग झाला, अख्खं शहर नाही. 'इनामी शहर' जास्त बरं.

गॉलवेकर : इनाम अजिबात नको! इनामदाराकडे मुख्यतः महसुलाचा हक्क, इथे पायाखालची जमीनच लँडलॉर्डची. घर भाडेकरूनं स्वतःच्या पैशानं बांधायचं, आणि पट्ट्यातच (जमिनीच्या भाडेकरारातच) अट असायची की इतके मजले हवेत, छप्पर स्लेटचं हवं. 'तीन हयातींचा पट्टा' असायचा, म्हणजे त्यात तीन माणसांची नावं घालायची आणि त्यातला शेवटचा जिवंत असेपर्यंत पट्टा चालू, म्हणून लोक पोराबाळांची नावं घालायचे. 'बर' (Birr) नावाच्या आयरिश गावाला तर पार्सन्स घराण्यावरून पार्सन्सटाउनच म्हणायचे.

मेघा_कु : 'हयातींचा पट्टा' उचलला, फार नेमका आहे.

शुद्धमती : 'भूस्वामिनगर' करा ना, अर्थ पूर्ण येतो. प्रत्येक वेळी इंग्रजीच का ठेवायचं?

रानवारा : कोण बोलतं असं? वाचक तिथेच पान उलटेल. त्यापेक्षा 'इस्टेट टाउन' ठेवा आणि पहिल्यांदा एका वाक्यात समजावा.

शुद्धमती : मग पेठ तरी ठेवा, संस्कृत 'पीठ'वरून आलाय.

कसबेकर : छे हो, कानडीत 'पेटे', तमिळमध्ये 'पेट्टै'. तो दक्षिणेकडूनच वर आलाय.

जुनापान : आमच्या कोल्हापूरकडं आज्जी बाजाराला जाताना "पेठंत जाऊन येतो" म्हणायची. म्हणजे मूळ अर्थ बाजारच, वस्ती नंतर आली.

शुद्धमती : बाजार भरतो तेही पीठच की.

कसबेकर : मग 'बाजारपेठ'चं काय करायचं, बाजार दोनदा?