परदेशी कंपनीतील तंटा संस्कृतीचा की अधिकाराचा?

धागाकर्ता (छत्रपती संभाजीनगर)
शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत चेक मोटार कंपनी स्कोडा आली, पुढे कोरियाची वस्त्रधागा बनवणारी ह्योसंग आली. तरीही आपल्याकडील चर्चा जमीन, पाणी आणि वीजदर यांपुढे सरकत नाही. परदेशी व्यवस्थापनाने येथील माणसांची रीत समजून घेतली नाही, तर उत्तम यंत्रेही उपयोगी पडत नाहीत, असे माझे मत आहे. डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांची पाहणी केली. वरिष्ठ-कनिष्ठ अंतर किती निमूटपणे मान्य केले जाते, याच्या त्यांच्या निर्देशांकात भारताला ७७ आणि जर्मनीला ३५ गुण आहेत. आपला सुपरवायझर बैठकीत गप्प बसतो आणि खरी अडचण नंतर चहाच्या टपरीवर सांगतो, त्याचे मूळ मला येथे दिसते. १९९८ मध्ये एकत्र आलेल्या जर्मन डाइमलर आणि अमेरिकन क्रायस्लर या मोटार कंपन्यांची २००७ मध्ये फारकत झाली, त्यामागेही दोन कार्यपद्धतींचे न जुळणे हे एक कारण सांगितले जाते.

प्रतिसाद १ (वाळूज)
असहमत. एकाच कंपनीच्या नोकरदारांवरून काढलेला आकडा लातूरच्या ऑपरेटरला आणि मुंबईच्या संचालकाला सारखाच लावणे मला पटत नाही. सुपरवायझर गप्प बसतो, कारण त्याच्या कंत्राटाचे नूतनीकरण समोर बसलेल्या साहेबांच्या हाती असते. युनियनचा कायम कामगार त्याच बैठकीत मोठ्याने बोलतो, आणि दोघे एकाच गावचे असू शकतात. वॉलमार्टने २००६ मध्ये जर्मनी सोडली, तेव्हा तेथील ग्राहकांना दुकानातील हसतमुख स्वागत रुचले नाही, ही गोष्ट फार गाजली. आल्डी आणि लिडल या जर्मन किराणा साखळ्यांची स्वस्ताई आधीपासून होती आणि खरेदी किमतीपेक्षा कमी दराने दूध, लोणी, पीठ विकण्यास तेथील स्पर्धा नियामकाने २००० मध्ये मनाई केली होती, हे मात्र कोणी सांगत नाही. (गोष्ट मजेदार असली की हिशेब मागे पडतो.)

धागाकर्ता
वॉलमार्टचा मुद्दा रास्त आहे. परंतु वेळा अमावस्येचे काय? ती बहुधा डिसेंबरात किंवा जानेवारीच्या आरंभी येते, नेमकी वर्षअखेरच्या मालपाठवणीच्या धांदलीत, आणि लातूर-धाराशिवकडील कामगार शेतातल्या पूजेला जातोच. परदेशी व्यवस्थापक त्याला बेशिस्त समजून मेमो देतो. हा अधिकाराचा प्रश्न कसा?

प्रतिसाद २ (सुट्या भागांचा पुरवठादार)
पंचांग वर्षभर आधी छापलेले असते, त्यामुळे हा मला नियोजनाचा प्रश्न वाटतो. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या आठवड्याचा साठा आधीच करून ठेवतात आणि काम अडत नाही. खरी अडचण अशी की, सदोष माल दिसला तरी ग्राहक कंपनीचा येथील प्रमुख मुख्यालयाच्या ई-मेलशिवाय निर्णय घेत नाही. तिकडे सकाळ उजाडेपर्यंत आमची अर्धी पाळी उलटलेली असते.

प्रतिसाद १
मग आधी त्या प्रमुखाला सहीचा अधिकार द्या; स्वभावाचे प्रशिक्षण नंतर पाहू.

धागाकर्ता
अधिकार दिल्यावरही, मुख्यालयातील वरिष्ठांना न विचारता तो सही करेल, याची मला अजून खात्री नाही.