प्रतिसाद: न दुखणारा दंश

"जागा सुजली नाही, दुखली नाही, म्हणजे साप बिनविषारी" असं वर एकांनी लिहिलंय. कृपा करून ते मनावर घेऊ नका. मण्यारच्या बाबतीत नेमकं उलटं असतं: जागा फारशी दुखत-सुजत नाही, तरी विष जीवघेणं असतं. इथे बडोद्यात शेजारी मण्यारला काळोतरो म्हणतात.

मावशीच्या शेतावरचा मुलगा पावसाळ्यात जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात कळ आली. अपचन समजून सोडा पाजला. उजाडल्यावर बघतो तर पापण्या उचलेनात, थुंकी गिळता येईना. अंगावर खूण शोधूनही सापडली नाही. व्हेंटिलेटरवर होता म्हणून वाचला.

हे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करतं. एकदा इजा झाली की दंशानंतर देतात ती लस (प्रतिविष) ती भरून काढत नाही, टोकं सावकाश आपली आपण सुधारतात. म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं.

आणि लसीबद्दल. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरची आपली लस बहुतांशी तमिळनाडूत साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींनी काढलेल्या विषावर बनत आली आहे. एकाच जातीचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे संशोधनात दिसलंय. गुजरातेतल्या सापांचं विषही त्यात हवं, असं मला फार वाटतं.