घरातलं ड्रिल मशीन : काय झालं, कसं झालं, ते इथे लिहा

गेल्या दिवाळीच्या आधी हॉलमध्ये पडद्याचा रॉड लावत होतो. ६ मिलिमीटरचं भोक पाडून झालं, स्क्रूच्या प्लॅस्टिकच्या प्लगला ते अपुरं पडलं म्हणून ८ चं बिट लावायला घेतलं. स्टुलावर बसलो, मशीन मांडीवर आडवं घेतलं, चकची, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाची, चावी घातली आणि आवळायला जोर लावला. तेवढ्यात मूठ तळहाताखाली आली आणि बटण दाबलं गेलं. पिन बोर्डातच होती. चावी गर्रकन फिरली आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर बसली.

नख आधी जांभळं झालं, मग काळं, महिन्याभरात सुटून आलं. नवं पूर्ण यायला पाच महिने लागले. पण त्याचं एवढं काही नाही. माझा आठ वर्षांचा मुलगा शेजारी उभा होता, भोकाखाली धूळ झेलायला कागदाचा द्रोण करून आणला होता त्याने. मी बसलेलो असल्याने चक बरोबर त्याच्या छातीच्या उंचीवर होतं. चावी सुटून उडाली असती तर काय, हे अजून रात्री आठवतं.

म्हणून हा धागा. बॅटरीवाली मशीनं सध्या बाजूला ठेवू. बऱ्याच घरांत वायरवालंच आहे : ५०० ते ७५० वॅट, १० किंवा १३ मिलिमीटरचं चक, रिकामं फिरताना मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे. सर्वसाधारण सूचना डब्यातल्या पुस्तिकेत असतात. मला तुमच्याकडून हवं आहे ते नेमकं काय घडलं ते : हात कुठे होता, वायर कुठे होती, पाय कशावर होता.

नाशिकहून, आयटीआयमधले निवृत्त शिल्प निदेशक

मुलगा सुखरूप आहे हे वाचून हायसं वाटलं.

मी तीस वर्षं फिटर ट्रेडला शिकवलं. नवं मशीन आलं की आमच्याकडे पहिलं काम ठरलेलं : चकची चावी जाड दोरीने वायरलाच बांधायची. मात्र मशीनच्या बाजूला नाही, पिनेच्या बाजूला. पिनेपासून वीतभर अंतर, बस. चावी हवी तर पिनेपाशी जावं लागतं, आणि दोरी इतकी तोकडी ठेवायची की पिन सॉकेटमध्ये असताना चावी चकपर्यंत पोचूच नये. काही मशीनबरोबर चावी अडकवायची रबरी पट्टी येते. लोक ती सोयीसाठी मुठीजवळ आणतात. ती उलट पिनेकडे सरकवा. आणि चावी चकच्या तिन्ही भोकांत घालून आवळा. एकाच भोकात आवळलं तर बिट घसरतं.

दुसरं, हातमोजे. ते घालू नका सांगितलं की पालकसुद्धा वाद घालायचे, कारण मोजे म्हणजे सुरक्षा असंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. आमच्या एका मुलाने डाव्या हातात सुती मोजा घालून लोखंडी पट्टी धरली होती. मोज्याचा एक सुटा दोरा बिटाच्या चरीत गेला. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. बटणावरचं बोट उचलेपर्यंत मोजा चकला पिळून बसला होता आणि तर्जनी त्याच्या आत. मोजा आम्हाला कात्रीने कापावा लागला. बोट वाचलं, पण वरचं पेर पुन्हा पूर्ण वाकलं नाही. फिरत्या बिटाजवळ मोजा नको, मनगटात दोरा नको, बाहीचं बटण उघडं नको. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच, आणि तो नंबरचा नव्हे, बाजूंनी बंद असलेला.

तिसरं, पातळ पत्रा हातात धरून कधीही भोक पाडू नये. बिट आत जाताना काही होत नाही. आरपार निघतं त्या क्षणी भोकाची कड चरीत अडकते आणि अख्खा पत्रा पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरा, नाहीतर खाली लाकडी फळी घेऊन दोन क्लॅम्प मारा. सेंटर पंचने खूण करा, म्हणजे बिट सरकत नाही. आणि आवाज बदलला की दाब कमी करा. आरपार निघायच्या आधी आवाज बदलतो, कान द्या, कळेल.

ठाण्याहून

घरातली भोकं पाडायची कामं मीच करते, आईकडून आलेली सवय आहे. केस वर बांधायचे, ओढणी काढून ठेवायची, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत, हे सगळं मी पाळत होते. तरी जे झालं ते असं.

बेडरूममध्ये शेल्फ लावायचं होतं. खोलीचा एमसीबी (मेन बोर्डातला खटका) पाडला आणि मशीन स्वयंपाकघरातून एक्स्टेंशन घेऊन चालवलं. दिवा लागत नाही, सॉकेट बंद आहे, सगळं बघितलं असं मला वाटत होतं. भोक स्विचबोर्डच्या सरळ वर हातभर अंतरावर. इंचभर आत गेल्यावर भिंतीतून फट् असा आवाज आला, निळसर पांढरा उजेड झाला. बिट बाहेर काढलं तर टोकाला तांब्याचा मणी चिकटलेला.

इलेक्ट्रिशियन दादांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, बोर्डाकडे येणारी वायरींची पाइपलाइन बहुधा सरळ वरून उतरते, क्वचित खालून येते. म्हणजे बोर्डाच्या वरची आणि खालची पट्टी सोडूनच द्यायची. दोन, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि पंख्याची लाइन त्याच्यावर वेगळी टाकलेली होती. खोलीचा एमसीबी पाडला तरी ती जिवंतच होती. मी दिवा बघितला, पंखा बघितला नाही. इन्व्हर्टर असलेल्या प्रत्येकाने हे आजच तपासा. मेन बंद केला तरी बॅटरी घराला वीज देतच राहते, इन्व्हर्टरचं स्वतःचं बटणही बंद करावं लागतं.

मी वाचले ते मशीनच्या प्लॅस्टिकच्या मुठीमुळे. मशीनवरच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, ती दुहेरी इन्सुलेशनची. अशा मशीनला दोनच पिना असतात, अर्थिंगची गरज नसते. जुन्या धातूच्या बॉडीच्या मशीनला तीन पिना हव्यात आणि घरचं अर्थिंगही खरोखरचं हवं. त्यानंतर आम्ही ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) बसवून घेतला.

जत तालुक्यातून, सांगली

आमच्याकडची गोष्ट मशीन बंद असताना घडलेली आहे.

गोठ्याच्या फाटकाला अँगल बसवायचे होते. १२ चं भोक, अँगल जाड, बोट दुखायला लागलं म्हणून बटण दाबून शेजारचं लॉकचं बटण आत ढकललं. म्हणजे मशीन आपोआप चालू राहतं. अर्ध्यातच लाइट गेली. मी मशीन तसंच बाजेवर ठेवलं आणि जेवायला घरात गेलो. रात्री लाइट आली. गोठ्यातून घर्रघर्र आवाज. पळत गेलो तर मशीन बाजेवरून खाली पडून जमिनीवर गोल फिरत होतं, आपलीच वायर चकला गुंडाळत. हातभर अंतरावर पंधरा दिवसांचं वासरू दाव्याला ताणून भिंतीला चिकटलेलं.

पिन नव्हतीच, काय ओढणार? कारण पिन तुटल्यावर मी वायरीच्या दोन उघड्या तारा सॉकेटात घालून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या होत्या. गावाकडे हे घराघरांत दिसतं. बोर्डाचं बटण अंधारात चाचपून बंद केलं तोवर वायर मुठीपाशी सोलली गेली होती. हात लावला असता तर मी आज हे लिहीत नसतो.

लाइट गेली की आधी लॉक सोडवा, मग पिन काढा, मग मशीन खाली ठेवा. आता मी लॉक वापरतच नाही. पिन दुसऱ्या दिवशी जतला जाऊन आणली.

रत्नागिरीहून

थोडक्यात लिहितो. जुलैमध्ये पडवीच्या ओल्या चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडायला गेलो. ओलीचं पाणी चरीतून उतरून मशीनच्या झडपांत (हवा खेळायच्या फटींत) गेलं. मुंग्या आल्यासारखं झालं आणि मशीन हातातून सुटलं. पायात रबरी चप्पल होती, पण पावसात चप्पलही ओलीच असते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीचं काम आम्ही गणपतीनंतरवर टाकतो.

छत्रपती संभाजीनगरहून

माझं मनगटाचं हाड मोडलं ते असं. विटांची भिंत समजून कॉलममध्ये (काँक्रीटच्या खांबात) भोक पाडत होतो. बाजूची मूठ डब्यातच होती, कारण ती लावली की मशीन कोपऱ्यात मावेना. दोन इंचांवर बिट सळईला लागलं आणि अडकलं. बिट थांबलं, पण मोटर थांबली नाही, त्यामुळे मशीनच फिरलं आणि माझं मनगट त्याच्याबरोबर. प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढलेलो होतो, त्यामुळे तोल जाऊन पडलो ते वेगळंच. सहा आठवडे प्लास्टर.

विटांच्या भिंतीत लाल किंवा राखाडी भुगा सहज पडतो. काँक्रीटमध्ये भुगा पांढरट, बारीक येतो आणि बिट हळू सरकतं. अचानक पुढे जाईना, टणटण आवाज आला, तर जोर लावू नका. ती सळई आहे. भोक दोन इंच बाजूला घ्या. कॉलम-बीमची सळई तोडायचीही नसते, घर त्यावर उभं आहे.

कोल्हापुरातून, रिपेअरिंगचं दुकान

माझ्या दुकानात येणाऱ्या मशीनवरून माणूस कसा वापरतो ते कळतं. निम्म्या मशीनची वायर मुठीपाशी तुटलेली असते. कारण एकच, मशीन वायरीला धरून उचलायचं, शिडीवरून वायरीला लोंबकळत खाली सोडायचं. मुठीतून वायर निघते तिथे रबराची नळी असते, ती फाटली की आतल्या तारा रोज थोड्या थोड्या तुटतात. मशीन कधी चालतं, कधी थांबतं. लोक वायर वाकडी धरून काम चालवतात. तशी वायर धरलेला हात आणि तुटलेली तार यांच्यात फक्त जुनं प्लॅस्टिक असतं. तिथे चिकटपट्टी चालत नाही. तेवढा तुकडा कापून वायर आत नव्याने जोडून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

मागच्या झडपांतून थोड्या ठिणग्या दिसतात, त्याला घाबरू नका, कार्बन ब्रश घासतात त्याच्या त्या. पण ठिणग्यांचं गोल कडं दिसलं, किंवा जळका वास आला, तर लगेच थांबवा. कार्बन स्वस्त, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) महाग. कार्बन दोन्ही एकदम बदलायचे, एकच नाही.

आणि एक्स्टेंशनचं रीळ. एका गिऱ्हाइकाने रिळावर गुंडाळलेली बारीक वायर तशीच ठेवून गच्चीवर दुपारभर काम केलं. भर एप्रिलमध्ये. आतली वेटोळी वितळून एकमेकांना चिकटली. रीळ मी ठेवून घेतलंय, येईल त्याला दाखवतो. मशीन वायरला जड नव्हतं, पण गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर जायला वाव नसतो. वापरायच्या आधी रीळ पूर्ण सोडा.

श्टुटगार्टहून

ठाण्याच्या ताईंचा अनुभव वाचून लिहितो आहे. इथे नव्या घरात राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी भिंतीवर पेन्सिलने पट्टे आखून दाखवले. जर्मनीत भिंतीतल्या वायरी कुठून न्यायच्या याचे पट्टे ठरलेले आहेत : आडव्या वायरी छतापासून १५ ते ४५ सेंटिमीटर खाली आणि जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटर वर, उभ्या वायरी दारा-खिडक्यांच्या आणि कोपऱ्यांच्या बाजूने १० ते ३० सेंटिमीटरवर. त्या पट्ट्यांत भोक पाडायचंच नाही. तरीही वायर शोधणारं यंत्र फिरवून मगच मशीन हातात घ्यायचं, असं आजोबा म्हणाले. जुन्या घरात कोणी काय केलं असेल सांगता येत नाही.

त्यांनीच सांगितलं की हातात धरायचं विजेचं ड्रिल १८९५ साली याच शहरात, फाइन यांच्या कारखान्यात तयार झालं. आणि आवाज नको म्हणून रविवारी ड्रिल चालवायचं नाही हेही बजावलं.

भारतातल्या आमच्या घरी मी आता वायरिंग चालू असतानाच प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवायला सांगितलं आहे, प्लास्टर व्हायच्या आधी, शेजारी मोजपट्टी धरून.

अहिल्यानगरहून

धुळीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. वडिलांनी आयुष्यभर शेड उभारायची कामं केली, सिमेंटच्या पत्र्यांना मशीनने भोकं पाडायची, तोंडाला फार तर रुमाल. त्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि रुमालातून ते थांबत नाहीत, हे आम्हाला फार उशिरा कळलं. वडिलांचा श्वास जिना चढताना लागायला लागला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न कामाचाच विचारला.

जुन्या सिमेंटच्या पत्र्याला मशीन लावूच नका. विटा-काँक्रीटची धूळही निरुपद्रवी नाही, तिच्यात सिलिका असते. एन-९५ मास्क लावा. छतात भोक पाडताना चष्मा घाला. धूळ डोळ्यात गेलीच तर चोळू नका, पाण्याने धुवा.

धागा काढणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं.

निदेशक काकांनी सांगितलं तसं काल रात्री केलं. दोरी मोजून कापली, चावी पिनेपासून वीतभर अंतरावर वायरला बांधली. पिन सॉकेटमध्ये ठेवून चावी ओढून बघितली, चकपर्यंत पोचत नाही. मग गाठ मुलाकडून मारून घेतली. लॉकचं बटण कुठे आहे तेही त्याला दाखवलं, आणि इन्व्हर्टर बंद करून घरातला कोणता पंखा थांबतो ते दोघांनी खोल्याखोल्यांतून फिरून पाहिलं. आमच्याकडेही बेडरूमची लाइन वेगळी निघाली.

पडद्याचा रॉड अजून एका बाजूनेच लागलेला आहे. रविवारी दुसरी बाजू करतो. काकांना एकच विचारायचं आहे : मशीनची वायर मुठीपाशी थोडी कडक झाली आहे, वाकवली की बारीक चिरा दिसतात. तेवढाच तुकडा कापून घेऊ की पूर्ण वायर बदलू? कोल्हापूरच्या दादांनीही सांगितलं तर बरं होईल. उत्तर येईपर्यंत मशीन डब्यात ठेवलं आहे.