एक्झिमा सारखा उलटत असेल तर पॅच टेस्ट करणारा डॉक्टर बघा

"मलम शेवटी स्टिरॉइडचंच मिळणार, मग डॉक्टर कुठलाही चालेल" हे वर कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच पटलं. अधूनमधून उठणाऱ्या साध्या एक्झिमाला फॅमिली डॉक्टर पुरतात, उगाच धावाधाव नको. पण मलम थांबवलं की त्याच जागी परत, असं चाललं असेल तर त्वचारोगतज्ज्ञच गाठावा, आणि तोही पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून ॲलर्जी शोधायची चाचणी) करणारा. सगळेच करत नाहीत, त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

माझ्या वहिनीचे हात असेच सतत फुटायचे. साबण लागू नये म्हणून ती रबरी हातमोजे घालून भांडी घासायची, तरी मनगटापर्यंत भेगा. नव्या डॉक्टरांनी पाठीवर बारीक चकत्यांच्या पट्ट्या चिकटवल्या, पेनाने खुणा केल्या, पाठ भिजवायची नाही म्हणून बजावलं. ४८ तासांनी पट्ट्या काढून पाहिलं, दोन दिवसांनी पुन्हा. रबर बनवताना थायुराम नावाची रसायनं वापरतात, नेमकं त्यांच्याच खुणेखाली लालभडक पुरळ! म्हणजे मोजेच नडत होते. (सुईने टोचून करतात ती प्रिक टेस्ट वेगळी, तिच्यात अशी उशिरा उठणारी ॲलर्जी सापडत नाही.) आणि हो, गोल, कडा उठलेला चट्टा दिसल्यावर आधी खरवडून बुरशी तपासणारा डॉक्टर भेटला तर सोडू नका. असा चट्टा बुरशीमुळे होणारा नायटा असू शकतो, आणि नायट्यावर नुसतं स्टिरॉइड लावलं की लाली आणि खाज दबते, नायटा पसरत मात्र राहतो.